चहा उकळत होता

रविवारची मिस्सा संपल्यावर आंसेल्म आपल्या घरी न जाता बहिणीकडे आला आणि मागच्या दारात टोपी हातात धरून उभा राहिला, तेव्हा कोरीननं सासूकडे पाहिलं. सासू बटाटे सोलत होती. तिनं मान वर केली नाही, म्हणजे बोलावणं तिचंच होतं. गेल्या डिसेंबरात कोरीनच्या नवऱ्याची, लेओन्सची बोट बुडाली, तेव्हापासून त्याच्या या मामानं इथे पाऊल टाकलं नव्हतं आणि कोरीनला त्याची मुळीच आठवण आली नव्हती.

"बूट काढ," ओझीत भावाला म्हणाली. "हात धू आणि किसायला बस. बारा किलो आहेत."

"ताई, मी जेवायला आलोय."

"मग आयतंच गिळणार की काय?"

आंसेल्म मुकाट्यानं किसणी घेऊन बसला. बहात्तर वर्षांचा, रुंद खांद्यांचा माणूस, पण सत्त्याहत्तरीला टेकलेल्या बहिणीपुढे अजून सात वर्षांचा व्हायचा. आमच्या किनाऱ्यावर रापीर, म्हणजे किसलेल्या बटाट्यांचा आणि कोंबडीचा भाजलेला थर, एकट्यादुकट्यानं होत नाही. बटाटे किसायचे, किस कापडात बांधून पिळून पिळून कोरडा करायचा आणि जेवढं पाणी निघालं तेवढाच कोंबडीचा उकळता रस्सा त्यात परत ओतायचा. निघालेलं पाणी परत ओतायचंच होतं तर काढलं कशाला, असं कोरीननं लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात विचारलं होतं. ती दरीतल्या सफरचंदवाल्यांची मुलगी. या प्रश्नाला एकोणीस वर्षं झाली, तरी गावात अजून हसतात.

कोरीननं पावाच्या डब्याखाली ठेवलेलं वकिलाचं पाकीट जरा आत ढकललं.

बोटीला लेओन्सनं आईचं नाव दिलं होतं, 'ओझीत'. ती बुडाली त्याची हकिकत सगळ्या किनाऱ्याला पाठ होती. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आंसेल्म एकटाच शेवंडाचे सापळे उचलायला गेला होता, कारण त्याचा गडी जास्त पगारावर पश्चिमेला पळाला होता. सापळ्याचा दोर त्याच्या बोटीच्या पंख्यात गुंतला आणि इंजिन बंद पडलं. त्यानं वायरलेसवर भाच्याला सांगितलं, "हातातलं आटपलं की इकडे एक चक्कर मार." लेओन्सनं आपली सापळ्यांची ओळ अर्धी तशीच सोडली, दोन गड्यांना घेऊन गेला, मामाच्या बोटीला दोर बांधला आणि ओढत निघाला. खडकांच्या रांगेच्या बाहेर आल्यावर एक मोठी लाट मागून आली. दोर ज्या खांबाला बांधला होता तो खांब डेकच्या फळ्यांसकट उपटला गेला आणि त्या भगदाडातून पाणी घुसलं. पाव तासात 'ओझीत' तळाला गेली. लेओन्स आणि दोघं गडी मामाच्या बोटीवर उड्या मारून वाचले. तटरक्षक पोचले तेव्हा मामाची बोट नांगरावर निवांत उभी होती आणि चौघं जण चहा पीत होते. तो चहा तटरक्षकांच्या अहवालात उतरला आणि कोरीनचा संसार त्या चहात बुडाला.

कारण विम्याच्या कागदात एक ओळ होती. दुसरी बोट ओढायची नाही. तिच्यावरच्या माणसाच्या जिवाला धोका असेल तरच ओढायची.

आणि विमा कंपनीचा चौकशीवाला आला, तेव्हा आंसेल्मनं त्याला सांगितलं होतं: काही घाई नव्हती, चहा उकळत होता. खाली सही.

*

लेओन्सची बहीण बेर्नादेत हॅलिफॅक्सहून आली ती गाडीची किल्ली हातात फिरवतच आत शिरली. ती एका वकिलाच्या कचेरीत कामाला होती, त्यामुळे या घरात कायद्याचं सगळं तिच्याकडे.

"मामा! तुम्ही आणि किसणी? आई, फोटो काढू?"

"काढ आणि भिंतीवर लाव," आंसेल्म म्हणाला. "मेल्यावर उपयोगी पडेल."

लेओन्स खिडकीशी उभा होता. खालच्या धक्क्यावर लोकांनी सापळे रचायला सुरुवात केली होती. शेवंडांचा हंगाम उघडतो तो नोव्हेंबरचा शेवटचा सोमवार सहा आठवड्यांवर आला होता. त्या दिवशी पहाटे सगळ्या बोटी सापळ्यांच्या थप्प्या घेऊन एकदम बाहेर पडतात, आणि सगळं गाव धक्क्यावर असतं. यंदा लेओन्सही धक्क्यावरच असणार होता, बायकांत आणि पोरांत. विम्याचे पैसे आले तर यार्मथच्या गोदीत एक बोट त्याच्यासाठी थांबली होती. नाही आले, तर बापापासून चालत आलेला शेवंडाचा परवाना विकायचा. गिऱ्हाईक दोनदा येऊन गेलं होतं आणि दुसऱ्या वेळी त्यानं मिठाई आणली होती.

"मामा," बेर्नादेत खुर्ची ओढून बसली, "परवा मंगळवारी यार्मथला तुमची शपथेवर जबानी आहे. कंपनीची वकील तुम्हाला फिरवून फिरवून एकच विचारणार. धोका होता का?"

"नव्हता."

"जरा विचार करून सांगा."

"दहा महिने केलाय. नव्हता."

"इंजिन बंद, डिसेंबरचा महिना, पुढे खडक, बोटीवर एकटे तुम्ही. याला दुसरं नाव काय आहे?"

"कामाचा दिवस."

बेर्नादेतनं कपाळाला हात लावला. कोरीन पिळायचं कापड घेऊन पुढे आली आणि तिनं किस असा काही पिळला की ओझीतनं तिच्याकडे वळून पाहिलं.

"मामांना एकट्यांना काय बोलायचं?" कोरीन म्हणाली. "आमच्या साहेबांनी काय लिहून दिलंय ते विचार. सांगा ना. कंपनीनं विचारलं, ओढायला का गेलात? तर म्हणे, मामानं बोलावलं म्हणून गेलो, विशेष काही नव्हतं."

"तेव्हा तेच सुचलं," लेओन्स म्हणाला.

"दोघांनी मिळून बोट समुद्रात बुडवली. तेवढ्यानं भागलं नाही, म्हणून कागदावर पुन्हा बुडवली."

लेओन्सला ठाऊक होतं, ती खोटं बोलत नव्हती. त्यानं ते लिहून दिलं, त्या दिवशी चौकशीवाला त्याच्यासमोर बसला होता, इस्त्रीचा शर्ट घालून. अशा माणसापुढे मी घाबरलो होतो, मामा मरणार असं मला वाटलं, हे शब्द त्याच्या घशातून वर आलेच नाहीत. त्याच्या बापाच्याही आले नसते. वायरलेसवर सगळा किनारा कान लावून असतो. तिथे कुणी वाचवा म्हणत नाही, चक्कर मार म्हणतो. लेओन्सला मामाचा आवाज ऐकूनच कळलं होतं. पण कसं कळलं, हे इस्त्रीच्या शर्टाला सांगायचं कसं?

"बेर्ना, पुरे कर," तो म्हणाला. "माझ्या बोटीसाठी मामानं बायबलवर हात ठेवून खोटं बोलायचं नाही. नव्हता म्हणतात तर नव्हता."

"दादा, खोटं बोला असं कुठं म्हणतेय मी?"

"मग हा तासभर काय चाललंय?"

"तुम्ही फार मोठे लोक आहात," कोरीन म्हणाली. तिचा आवाज खाली आला होता, आणि लेओन्सला तिच्या खालच्या आवाजाचीच धास्ती होती. "सत्यवचनी. पोरीच्या कॉलेजला सत्य भरा या वर्षी." तिनं ओले हात कमरेला पुसले, पावाच्या डब्याखालचं पाकीट काढलं आणि टेबलावर टाकलं.

बेर्नादेतनं उघडून वाचलं. वाचता वाचता तिचा चेहरा बदलला.

"वहिनी, हे काय? तू मला यातलं काही बोलली नाहीस."

"आता बोलतेय."

"काय आहे त्यात?" ओझीतनं विचारलं.

"मामांची बोट अटकेत घ्यायचा अर्ज," बेर्नादेत सावकाश म्हणाली. "कोर्टाचा माणूस येऊन केबिनच्या काचेवर कागद चिकटवतो. मग बोट धक्क्यावरून हलवता येत नाही. विमा मिळाला नाही तर त्या बोटीकडून नुकसानभरपाई मागायची, की यांच्या चुकीमुळे आमची बोट गेली."

"माझ्या भावाची बोट? माझ्या डोळ्यादेखत? सगळ्या गावासमोर?"

"आई, तुमच्या मुलाची गेली ती काय चोरून गेली?"

"मी सही करणार नाही," लेओन्स म्हणाला.

"करू नका. बोट आपल्या दोघांच्या कंपनीच्या नावावर होती, त्यात निम्मा हिस्सा माझा आहे. वकील म्हणाला, माझी एकटीची चालेल."

आल्यापासून बेर्नादेत वहिनीच्या बाजूची होती. आता ती उठून आईच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली. लेओन्स तर पहिल्यापासून कुठल्याच बाजूला धड नव्हता. किसणीचा आवाज तेवढा थांबला होता.

"कर सही," आंसेल्म म्हणाला.

सगळे त्याच्याकडे वळले.

"तिचं बरोबर आहे. बोट घ्या माझी. जुनी आहे, पण इंजिन तीन वर्षांचं आहे. लेओन्स, यंदा तिच्यावर जा तू. कोर्टबिर्ट कशाला, किल्लीच देतो." आणि त्यानं खरोखरच खिशात हात घातला.

*

किल्ली टेबलावर ठेवताना आंसेल्मला हलकं वाटलं. हे सोपं होतं. बोट देता येते. चाळीस वर्षं जिच्यावर उभा राहिलो ती बोट देणं म्हणजे पाय देण्यासारखंच आहे, पण पाय गेलेली माणसंही मान ताठ ठेवून धक्क्यावर बसतात. त्याला नको होतं ते वेगळंच होतं. परवा यार्मथला कुणीतरी अनोळखी बाई त्याला एक प्रश्न विचारणार होती, आणि तिनं तो विचारू नये म्हणून त्यानं घरदारसुद्धा देऊन टाकलं असतं.

"मामा, उचला ती," लेओन्स म्हणाला. "मला नकोय तुमची बोट."

"का? वाईट आहे?"

"तुम्ही काय करणार मग? टीव्ही बघणार?"

"बघीन. लोक बघतात."

कोरीननं किल्लीला हात लावला नाही. ती आंसेल्मकडे टक लावून बघत होती. दरीतल्या माणसाची ही एक वाईट खोड, समजेपर्यंत बघत राहतात.

"एक मिनिट," ती म्हणाली. "अख्खी बोट देता. न मागता देता. पण एक वाक्य देत नाही?"

"कोरीन," ओझीत म्हणाली.

"थांबा आई. मामा, तो चहा तुम्ही कधी ठेवलात?"

"कधी म्हणजे?"

"आमची बोट येताना दिसायच्या आधी, की दिसल्यावर?"

आंसेल्मनं एक बटाटा उचलला आणि परत खाली ठेवला.

"असलं काय विचारतेस?" लेओन्स म्हणाला.

"कारण तुम्ही कुणी विचारत नाही! दहा महिने झाले. वकील विचारतात धोका होता का, बेर्ना विचारते धोका होता का. धोका काय, कागदावरचा शब्द आहे." ती टेबलाशी आली आणि म्हाताऱ्यासमोर वाकली. "मामा, तुम्ही भ्यालात का?"

ओझीतच्या हातातली सुरी थांबली. समुद्रावरून परत आलेल्या माणसाला आमच्याकडे गरम सूप देतात, कोरडे मोजे देतात, शिव्यासुद्धा देतात, पण हे विचारत नाहीत. आई विचारत नाही, बायको विचारत नाही. विचारलं तर तो उद्या जाणार कसा? लेओन्सनं बायकोचा दंड धरला. तिनं तो सोडवून घेतला.

"तिला विचारू दे," आंसेल्म म्हणाला.

त्याला स्वतःचंच नवल वाटलं. बहात्तर वर्षांत हा प्रश्न त्याला कुणी विचारलाच नव्हता आणि उत्तर मात्र तोंडाशी येऊन बसलेलं होतं.

"दिसल्यावर ठेवला," तो म्हणाला. "लेओन्सची बोट दिसली, मग ठेवला. आधी... आधी पंप चालत नव्हता. ऑक्टोबरपासून बिघडलेला होता, मी म्हटलं सीझन आटपला की बघू. इंजिनपाशी गुडघ्यापर्यंत पाणी होतं, ते नंतर हा ओढत नेत असताना मी बादलीनं उपसलं. नांगर टाकला होता, तो धरत नव्हता, नुसता घसरत होता. तटरक्षकांना दिसला तो नांगर नंतरचा, खडकांच्या बाहेरचा. आत नाही धरला. खडकावर फुटणाऱ्या लाटा ऐकू येत होत्या."

"मग?" कोरीननं विचारलं. तिचा आवाज आता वेगळा होता.

"मग मी निळा दोर घेतला आणि स्वतःला बांधून घेतलं. सुकाणूच्या चाकाला. दोन वेढे कमरेला आणि एक काखेतून. पक्की गाठ मारली. मग म्हटलं, झालं आपलं काम." तो थोडा हसला. "तेवढ्यात हा दिसला, येड्यासारखा वेगात येताना. गाठ सुटेना. बोटं गारठलेली. दातानं सोडवली. भाच्यानं येऊन बघितलं असतं तर काय तोंड दाखवणार होतो? म्हणून दोर लपवला आणि किटली ठेवली."

"बांधून का घेतलं?" बेर्नादेतनं विचारलं. "बुडत्या बोटीला कुणी बांधून घेतं का स्वतःला?"

आंसेल्मनं किसणी बाजूला सरकवली. तो बहिणीकडे बघत होता.

*

ओझीतला विचारायची गरज नव्हती.

ती अकरा वर्षांची आणि आंसेल्म सात वर्षांचा असताना त्यांचा बाप समुद्रात गेला आणि सापडला नाही. तीन आठवडे वाट पाहून पाद्रीबाबांनी प्रेतपेटी करायला सांगितली. चौघांनी ती उचलून पाहिली, आणि ती इतकी हलकी निघाली की आई खाली बसली. तेव्हा काकानं दोघा पोरांना टोपली देऊन किनाऱ्यावर पिटाळलं होतं. वजन यावं म्हणून. गुळगुळीत, करडे दगड. ओझीत वेचायची आणि लहानगा आंसेल्म विचारायचा, ताई, बाबा एवढे जड होते? पासष्ट वर्षं ती त्या थडग्यावर फुलं ठेवत आली होती. खाली काय आहे ते आता फक्त दोघांनाच ठाऊक होतं.

"ते दगड आपण दोघांनी वेचले होते, ताई," आंसेल्म म्हणाला. "म्हटलं, या वयात तुला परत वाकायला लागू नये. बोट खडकावर गेली तर खडकावरच अडकेल, आणि मी तिच्याबरोबर. सापडेन तरी."

ओझीत उठली. नळाशी जाऊन तिनं हात धुतले, बराच वेळ धुतले. मग येऊन भावाच्या डोक्यावर ओला हात ठेवला, आणि तो ठेवल्या ठेवल्या एक चापटही मारली.

"गाढवा," ती म्हणाली. "पंप दुरुस्त करायचा होतास." आणि ती रडायला लागली.

रस्सा उतू गेला तेव्हा बेर्नादेत धावली. रापीर अखेर ओव्हनमध्ये गेली, पण ती नीट पिळली गेली नव्हती हे सगळ्यांना माहीत होतं. ती व्हायला अडीच तास लागतात, आणि तेवढ्यात बेर्नादेतनं मामाला सगळं समजावून सांगितलं. हेच, असंच सांगायचं. आधी सही केली ते खोटं होतं, हेही सांगायचं. कंपनीची वकील म्हणेल की भाच्यासाठी आता गोष्ट रचताय. पंपाचं ऐकलं की मामाच्या स्वतःच्या बोटीचा विमा पुढच्या वर्षी कुणी करणार नाही, आणि विम्याशिवाय धक्क्यावर जागा मिळणार नाही.

"म्हणजे बोट जाणारच," आंसेल्म म्हणाला.

"बहुतेक."

"आणि याची येईल?"

"येईल असं नाही सांगत, मामा. यायची शक्यता होईल. आज तीही नाहीये."

लेओन्स मामाच्या शेजारी येऊन बसला. त्याला खूप बोलायचं होतं. "मलाही कळलं होतं," एवढंच तो म्हणाला. "तुमचा आवाज ऐकूनच. मी पण भ्यालो होतो, मामा. मीही ते लिहून द्यायला हवं होतं."

"मग आता सांग. दोघं मिळून सांगू."

"नवी बोट आली तर तुम्ही माझ्याबरोबर याल?"

"तुझ्या हाताखाली?"

"आमिष लावायला."

"शेवंडं सडक्या माशावर येतात, आमिषातलं काय कळतंय तुला," आंसेल्म म्हणाला, पण नाही म्हणाला नाही.

जेवायला बसण्याआधी कोरीननं टेबलावरचं पाकीट उचलून आपल्या पिशवीत टाकलं. फाडलं नाही, ती फाडणाऱ्यातली नव्हती. मात्र रापीर वाढताना तळाची खरपूस कड तिनं मामाच्या ताटात घातली. या घरात ती कड आजवर लेओन्सची असायची. वर तिनं काकवी ओतली. आंसेल्मनं ताटाकडे आणि मग तिच्याकडे पाहिलं.

"तू फार आगाऊ आहेस," तो म्हणाला.

"एकोणीस वर्षं झाली, मामा. खा."

*

मंगळवारी सकाळी यार्मथच्या त्या इमारतीत ओझीत बोळातल्या बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसली होती. आत घरच्यांना घेत नव्हते. दार नीट लागत नव्हतं, त्यामुळे आवाज येत होते, शब्द मात्र पुरते कळत नव्हते. कंपनीच्या वकील बाईचा आवाज गोड होता. ती सावकाश विचारत होती आणि मध्येच कागद उलटत होती. आंसेल्मची उत्तरं पुटपुटल्यासारखी येत होती. चर्चमध्ये कन्फेशनला बसला की तो असाच पुटपुटायचा, लहानपणापासून.

चहाबद्दल विचारलेलं तिला कळलं. मग पंप. मग दोर.

मग वकील बाईनं काहीतरी विचारलं, आणि आंसेल्मनं काहीतरी उत्तर दिलं.

"माफ करा," तिसराच एक आवाज आला. सगळं टिपून घेणारी बाई असावी. "मला नीट ऐकू आलं नाही. काका, जरा मोठ्यानं सांगता का?"

ओझीतनं पर्स घट्ट धरली.

"मी भ्यालो होतो," आंसेल्म म्हणाला. वाऱ्यात एका बोटीवरून दुसऱ्या बोटीवर हाक मारावी, तेवढ्या मोठ्यानं म्हणाला. बोळाच्या टोकाला उभ्या असलेल्या लेओन्सलासुद्धा ते ऐकू गेलं.